विभागात कोण आलं, कोण गेलं, चार्ज कुणाकडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या एका विद्यापीठात जैववैद्यकीय विज्ञान विभागाच्या कार्यालयात मी बसते. फलकावर लागणाऱ्या सूचना इंग्रजीत नाहीतर गुजरातीत असतात. त्या वाचून झाल्या की मराठी माणसं आत डोकावतात आणि हळूच विचारतात, "मॅडम, म्हणजे नक्की काय झालंय?" दांडिया बाजारातले पालक, धुळ्या-नंदुरबारकडून आलेली मुलं, पुण्यात स्थायिक झालेले माजी विद्यार्थी, सगळ्यांचे प्रश्न तेच ते. म्हणून एकदाचं लिहून काढलं. जिथे नियम यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) आहे तिथे तसं सांगितलंय, बाकीचा माझा अनुभव.

बायोमेडिकल विभागात डॉक्टर बसतात ना? आईचे रिपोर्ट दाखवायचे होते.

दारांवर ओळीने 'डॉ.' लिहिलेलं असतं, त्यामुळे हा घोटाळा दर महिन्याला होतो. हे 'डॉ.' पीएच.डी.चे. इथे पेशी, प्रथिनं, जंतू, जनुकं यांचा अभ्यास चालतो. औषध लिहून देणारं कोणी नाही. आईला सयाजी हॉस्पिटलला न्या. बायोमेडिकल इंजिनीअरिंग आणखी निराळं, ते व्हेंटिलेटरसारखी यंत्रं बनवणाऱ्या-सांभाळणाऱ्यांचं. एका काकांनी मला बिघडलेलं बीपीचं मशीन आणून दिलं आणि ते गेले ते गेलेच. सहा महिने ते आमच्या कपाटावर पडून होतं. डेडस्टॉकच्या, म्हणजे विभागातल्या टिकाऊ सामानाच्या, तपासणीत "हे कुठल्या नोंदीतलं?" म्हणून मलाच उत्तर द्यावं लागलं.

यंदा नवीन कोण आलं, कोण गेलं, याची यादी इथे का नाही?

कारण ती आठवड्यात शिळी होते. शिवाय कॅन्टीनमधली बातमी आणि कार्यालयातली बातमी यांत बरंच अंतर असतं. कोणी 'आलं' असं आम्ही तेव्हाच म्हणतो जेव्हा फाइलीत दोन कागद असतात: नेमणुकीचा आदेश आणि त्या माणसाच्या सहीचा रुजू अहवाल. दुसरीकडून सुटून आलेला असेल तर तिसरा कागद, तिथला कार्यमुक्तीचा. आदेश निघाला आणि माणूस आलाच नाही, असंही झालंय. आम्ही पेढे वाटून मोकळे, आणि त्यांनी दुसरीकडची ऑफर घेतली.

रुजू अहवालावर तारखेपुढे 'मध्यान्हपूर्व' की 'मध्यान्होत्तर' ते लिहायला विसरू नका. सकाळी रुजू झालात की दुपारी, यावर त्या दिवसाचा पगार कुठून निघणार ते ठरतं. नव्या मंडळींना हे हास्यास्पद वाटतं. पंचवीस वर्षांनी पेन्शनची फाइल उघडली की वाटत नाही.

आमच्या मॅडम असोसिएट प्रोफेसर झाल्या. मग त्यांची असिस्टंटची जागा रिकामी झाली ना? माझ्या भाच्याने अर्ज करावा का?

नाही झाली. खिडकीवर सर्वात जास्त गैरसमज या एका गोष्टीबद्दल असतो, म्हणून सविस्तर सांगते.

वर चढायचे दोन रस्ते आहेत. एक थेट भरती: जाहिरात, अर्ज, मुलाखत. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे असोसिएट प्रोफेसरसाठी पीएच.डी. आणि 8 वर्षांचा अनुभव लागतो, प्रोफेसरसाठी 10 वर्षांचा, शोधनिबंध वेगळे. दुसरा रस्ता 'कॅस', म्हणजे करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम. त्यात माणूस त्याच खुर्चीवर बसून वर जातो. पीएच.डी. असलेला असिस्टंट प्रोफेसर 4 वर्षांनी पुढच्या पातळीला जातो, मग 5 वर्षांनी त्याच्या पुढे, मग 3 वर्षांनी असोसिएट, आणखी 3 वर्षांनी प्रोफेसर. कागदावर पंधरा वर्षं. फाइल कुठे ना कुठे अडतेच, तेव्हा मनातल्या मनात दोन-तीन वर्षं वाढवून धरा.

मॅडमची बढती कॅसची आहे, आणि ती त्यांच्या नावापुरती. त्यांची मंजूर जागा असिस्टंट प्रोफेसरचीच राहते, फक्त तिच्यावर बसलेली व्यक्ती असोसिएट असते. त्या निवृत्त झाल्या की जागा परत मूळ पायरीवर येते. भाच्याला सांगा, जाहिरात येईपर्यंत नेट (प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) काढून ठेव. 1 जुलै 2023 पासून असिस्टंट प्रोफेसरच्या थेट भरतीला नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. सक्तीची नाही. पण मुलाखतीच्या बाकावर शेजारी बसलेल्या बहुतेकांकडे ती असतेच. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये. लग्नाच्या बोलणीत हा आकडा फार विचारला जातो, म्हणून देऊन टाकला.

'हंगामी' म्हणजे काय? माझी मुलगी सहा वर्षं हंगामीच आहे.

अकरा महिन्यांचा करार, मग खंड, मग पुन्हा करार. यूजीसी म्हणते की कंत्राटी शिक्षक एकूण जागांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, आणि त्यांचा पगार नियमित असिस्टंट प्रोफेसरच्या पगारापेक्षा कमी नसावा. प्रत्यक्षात काय चालतं ते तुमची मुलगी मला शिकवेल. माझा सल्ला एवढाच: प्रत्येक कराराची प्रत, प्रत्येक रुजू अहवाल आणि प्रत्येक कार्यमुक्ती तिने स्वतःकडे ठेवावी. पुढे अनुभव मोजताना "आमच्याकडे रेकॉर्ड सापडत नाही" हे वाक्य ऐकावं लागतं, आणि तेव्हा घरच्या फाइलीतलाच कागद कामाला येतो.

हेड बदलले. मग सारखं "चार्ज दिला, चार्ज घेतला" काय चाललंय? खुर्चीवर बसले की झालं ना?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण माझी सगळी नोकरी याच शब्दाभोवती गेली.

हेड बदलतात तेव्हा फुलांचा गुच्छ आणि फोटो पाच मिनिटांचं काम. चार्ज म्हणजे त्या खुर्चीबरोबर येणाऱ्या वस्तू, सह्या आणि जबाबदाऱ्या मोजून, यादी करून, दोघांनी सही करून हातात घेणं. यादीत काय असतं बघा: डेडस्टॉक रजिस्टर, किल्ल्या, बँकेतल्या नमुना सह्या, चालू प्रकल्पांच्या खर्चाचे हिशेब, सेवापुस्तकं, आवक-जावक, परीक्षेच्या कामाची सीलबंद पाकिटं. प्रयोगशाळेच्या विभागात याच्या दुप्पट. उणे 80 अंशांचे फ्रीजर, त्यात कुणाचे नमुने कुठल्या खणात, किरणोत्सारी द्रव्यं असतील तर त्यांची जबाबदारी कुणावर, प्राण्यांवरच्या प्रयोगांची मंजुरी कुणाच्या नावे.

ही शेवटची बाब नीट समजून घ्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी संस्थेच्या नीती समितीची मंजुरी लागते. त्यावरची राष्ट्रीय समिती पूर्वी सीपीसीएसईए होती, आता तिला सीसीएसईए म्हणतात. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची. मंजुरी एका ठरलेल्या प्रयोगाला आणि त्यातल्या नाव दिलेल्या माणसांना असते. मुख्य संशोधक सोडून गेले तर "त्यांचे उंदीर मी बघतो" म्हणून चालत नाही. समितीला कळवून नावं बदलून घ्यावी लागतात.

आता एक जुनी गोष्ट. विभाग कुठला ते विचारू नका. एक सर दुसऱ्या गावी चांगल्या नोकरीवर गेले. डेडस्टॉक मोजला, कपाटं मोजली, खुर्च्या मोजल्या, एक तुटकं स्टूलसुद्धा मोजलं. कोपऱ्यात दुधाच्या किटलीसारखं एक भांडं होतं. यादीत त्याची नोंद 'कंटेनर, 1' अशी झाली. ते द्रव नायट्रोजनचं भांडं होतं, आत उणे 196 अंशांत पेशींच्या कुप्या बुडवून ठेवलेल्या. द्रव नायट्रोजन रोज थोडा थोडा उडून जातो. झाकण लावलंय म्हणून राहत नाही, आठवड्या-पंधरवड्याने भरावा लागतो. सर ते स्वतः बघायचे, म्हणून दुसऱ्या कुणाच्या कामाच्या यादीत ते नव्हतंच. दोन महिन्यांनी कुणीतरी झाकण उघडलं. आत कोरडंठाक. कुप्या जागेवर, लेबलं वाचता येत होती, आणि एकही पेशी जिवंत नव्हती. त्यातल्या काही रुग्णांच्या नमुन्यांपासून वाढवलेल्या होत्या, त्या पुन्हा मिळणाऱ्या नव्हत्या. ज्या मुलीचा प्रबंध त्यांवर उभा होता, ती माझ्या टेबलासमोर बसून रडली.

तेव्हापासून माझ्या यादीत वस्तूपुढे एक जादा रकाना आहे: 'याला नियमित काय लागतं?' वरून एकदा शेरा आला की हा रकाना नमुन्यात नाही. मी तो तरी ठेवलाय. द्रव नायट्रोजनपुढे लिहिते: दर सोमवारी पातळी बघणे, खोली बंद ठेवून भरू नये, कारण त्याच्या वाफेने हवेतला ऑक्सिजन हटतो आणि माणूस न कळता खाली कोसळतो.

अल्कोहोलचं रजिस्टर म्हणून काही असतं असं ऐकलं. खरं का?

खरं. गुजरातेत दारूबंदी आहे आणि प्रयोगशाळेतला शुद्ध इथेनॉलही तिच्यातून सुटत नाही. त्याला नशाबंदी व आबकारी खात्याचा परवाना लागतो. कायदा मुंबई राज्याच्या काळातला, 1949 चा; 1960 साली राज्यं वेगळी झाली, कायदा इकडेही राहिला. डीएनए द्रावणातून खाली बसवायला इथेनॉल लागतो, टेबल पुसायला 70 टक्क्यांचा लागतो, आणि प्रत्येक बाटलीचा हिशेब लागतो: किती आला, किती वापरला, कुणी घेतला. परवाना संस्थेचा असला तरी जबाबदार म्हणून एका माणसाचं नाव असतं. तो निवृत्त झाला आणि नाव बदललं नाही तर पुढची खरेदी अडते. मुंबईहून आलेली मुलं हसतात. मग सप्टेंबरात बाटली संपते, परवान्याचं नूतनीकरण टेबलावर पडून असतं, आणि हीच मुलं शेजारच्या विभागात वाटी घेऊन साखर मागावी तशी फिरतात.

माझे गाईड पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. माझ्या पीएच.डी.चं काय?

घाबरू नका, पण बसूनही राहू नका. यूजीसीचे पीएच.डी.चे नियम 7 नोव्हेंबर 2022 चे आहेत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्या शिक्षकाला नवीन विद्यार्थी घेता येत नाही. आधीच नोंदणी झालेल्यांना ते निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करतात, आणि नंतर सह-मार्गदर्शक म्हणून राहू शकतात, वयाच्या सत्तरीपर्यंत. म्हणजे सर कुठे जात नाहीत, पण मुख्य गाईड म्हणून सेवेतलं दुसरं कोणीतरी लागतं.

खरी अडचण इथे येते. प्रोफेसरकडे एका वेळी 8, असोसिएटकडे 6 आणि असिस्टंटकडे 4 विद्यार्थी, हीच मर्यादा. "जागा नाही" असं मॅडम म्हणाल्या तर त्यांना राग आलाय असं समजू नका, खरोखरच जागा नसते. म्हणून वर्षभर आधी विचारून ठेवा. सरांच्या निरोप समारंभाच्या दिवशी अर्ज घेऊन येणारे दर खेपेला दोघे तरी असतात. समोशाच्या ताटलीशेजारी ठेवलेल्या अर्जावर कुणी सही करत नाही.

मुदतही मोजा. किमान 3 वर्षं, कमाल 6, पुनर्नोंदणी करून आणखी 2. स्त्रियांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी 2 मिळू शकतात.

लग्न ठरलंय, नाशिकला जाणार. तीन वर्षांचं काम सोडून द्यायचं का?

अजिबात नाही, आणि सासूबाईंनाही हे वाचून दाखवा. त्याच नियमांत सोय आहे: लग्नामुळे किंवा इतर कारणाने विद्यार्थिनीला गाव बदलावं लागलं तर संशोधनाचा डेटा नव्या संस्थेत नेता येतो. अटी अशा की बाकीचे नियम पाळलेले हवेत, ते काम इथल्या संस्थेला किंवा गाईडला कुणा अनुदान देणाऱ्या संस्थेने मंजूर केलेल्या प्रकल्पाचा भाग नको, आणि इथे झालेल्या कामाचं श्रेय इथल्या संस्थेला आणि गाईडला द्यायचं. मधली अट अवघड आहे, कारण आमच्याकडचं बरंचसं काम प्रकल्पातलंच असतं. तेव्हा पत्रिका छापायच्या आधी गाईडशी बोला. बाळंतपण आणि संगोपनासाठी पीएच.डी.च्या पूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. हे बऱ्याच गाईडनाही ठाऊक नसतं.

फेलोशिप चार महिने आली नाही. नवे हेड अडवताहेत का?

बहुतेक वेळा नाही. हेड बदलले की बँकेत सही करणाराही बदलावा लागतो. ठराव, नमुना सही, केवायसी असा तो फेरा. त्या दरम्यान आलेली बिलं पडून राहतात. जानेवारी 2023 पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोला) महिना 37,000 आणि एसआरएफला (वरिष्ठाला) 42,000 आहेत, घरभाडं वेगळं. पण आकडा कितीही असो, खोलीच्या मालकाला पहिल्या तारखेलाच हवा असतो. राज्याच्या 'शोध' योजनेत महिना 15,000 मिळतात, वर्षाला 20,000 किरकोळ खर्चाचे, दोन वर्षं. तिथे हजेरीची खातरजमा वेळेवर वर गेली नाही की पुढचं सगळं सरकतं. दर महिन्याचा हजेरीचा कागद मला आणून द्या. "मॅडमना माहीत आहे मी येतो" हा पुरावा होत नाही.

एका कागदावर माझं नाव एक, दुसऱ्यावर दुसरं. बदलून मिळेल का?

आपल्या मराठी माणसांचा हा बडोद्यातला जुनाच आजार. इथे आडनाव आधी लिहितात, मग नाव, मग वडिलांचं नाव. शाळेत कुणी पुरुषाच्या नावामागे 'भाई' आणि बाईच्या नावामागे 'बेन' चिकटवलेलं असतं, आणि ते थेट आधारपर्यंत जातं. गायकवाडांची इंग्रजी स्पेलिंगं तर मी तीन प्रकारची पाहिली, तिन्ही एकाच घरातली. लग्नानंतर नाव बदललं असेल तर सेवापुस्तकात नोंद लगेच करा, राजपत्रातली प्रत जोडा. शोधनिबंधांवर मात्र पहिल्यापासून एकच नाव ठेवा आणि ओआरसीआयडीचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, क्रमांक काढून घ्या. आडनाव बदललं तरी तो बदलत नाही.

नवीन लॅब असिस्टंट आणि शिपाई यांना लस का टोचतात?

जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांमुळे. कचऱ्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, रुजू होताना प्रशिक्षण आणि मग दरवर्षी पुन्हा. पिवळी पिशवी जाळण्याच्या कचऱ्याला, लाल प्लॅस्टिकला, सुयांना पांढरा न फुटणारा डबा, काचेला निळा. प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. उत्तरायणाला 14 आणि 15 जानेवारी अशी लागून सुट्टी येते आणि रविवार चिकटला तर 48 तास उलटून जातात, म्हणून पतंग उडवायच्या आधी डबे रिकामे करायचे. हे काम शिपायाचं आहे असं शिक्षकांना वाटतं. सुई चुकीच्या पिशवीत टाकणारा मात्र शिपाई नसतो.

रात्री वीज गेली तर कुणाला सांगायचं?

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा हा प्रश्न एकदम सगळ्यांना सुचला. रस्त्यावर मगर दिसल्याच्या बातम्या आणि इकडे फ्रीजरची काळजी. तेव्हापासून प्रत्येक फ्रीजरच्या दारावर दोन नावं चिकटवलेली आहेत, एक शिक्षकाचं आणि एक जवळ राहणाऱ्याचं. कोणी बदलून गेलं की कागद त्याच दिवशी बदलायचा. आणि वीज नसताना "बघू तरी" म्हणून दार उघडायचं नाही.

परिपत्रकं मराठीत का निघत नाहीत? बडोदं तर आपलंच ना!

दर गणपतीत एक तरी आजोबा हे विचारतात. आजोबा, राज्य गुजरातचं आहे आणि भाषा गुजराती, त्यात गैर काही नाही. पण तुमचा अभिमान अगदीच हवेतला नाही. सयाजीराव महाराजांनी कारभारातल्या शब्दांचा एक कोश करवून घेतला होता, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु', 1931 सालचा. एकेका इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी असे प्रतिशब्द दिलेले. कार्यालयाची भाषा आणि माणसाची भाषा यांची गाठ घालायची धडपड याच गावात झालेली आहे. मी खिडकीत बसून तेच करते, फक्त मला कोश छापायचं बजेट नाही.

सगळे 31 मे लाच का निवृत्त होतात?

निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते, आणि जन्म एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या. आमच्या पिढीत शाळेत घालताना मास्तरांनी ज्याची तारीख ठाऊक नाही त्याला 1 जून टाकून दिली. माझीही तीच. आई सांगायची, त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती.

मग 31 मे नंतर आम्ही कुणाला विचारायचं?

माझी जागा मंजूर आहे, भरती निघालेली नाही. तोपर्यंत शेजारच्या विभागातल्या बेनकडे अतिरिक्त चार्ज आहे. गुजराती आहेत, पण रावपुऱ्यात वाढल्यामुळे मराठी अस्खलित समजतात. तुम्ही मराठीत बोला, त्या गुजरातीत उत्तर देतील, काम होईल. चार्जच्या यादीत 41 बाबी होत्या, 40 वर त्यांची सही झाली. राहिली होती एक पितळी किल्ली, जिचं कुलूप कुठलं ते मला चार्ज देणाऱ्या काकांनाही माहीत नव्हतं. गेल्या आठवड्यात आम्ही दोघींनी सगळी कपाटं पुन्हा लावून पाहिली. शेवटी लिहिलं, 'किल्ली, 1, कुलूप आढळून आलेले नाही', आणि जादा रकान्यात, 'याला नियमित काही लागत नाही'. मग त्यांनी सही केली.